मोडलेला र

'कुऱ्हाडे' हे आडनाव आमच्या डेटाबेसमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेलं होतं आणि पडद्यावर तिन्ही हुबेहूब एकसारखी दिसत. काउंटरवरच्या ताई आडनाव टाइप करून शोधायच्या, तेव्हा काही कुऱ्हाडे सापडायचे, काही सापडायचे नाहीत. मग त्या खाते क्रमांक विचारून काम भागवायच्या. कित्येक वर्षं असंच चाललं. पुढे पतसंस्थेची निवडणूक लागली, मतदार यादी काढायची वेळ आली आणि एकच सभासद यादीत दोनदा येतोय असं दिसलं. तेव्हा ते काम आमच्याकडे आलं.

सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत मी १९ वर्षं पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. पिग्मी, आवर्ती ठेव, सोनेतारण, लाभांश, ३१ मार्चचा ताळेबंद हे आमचं जग. या जगात चूक झाली तर रॉकेट कोसळत नाही, पण भाजी विकून रोज ५० रुपये पिग्मीत टाकणाऱ्या बाईच्या खात्यावर ती चूक उमटते. म्हणून मी स्वतःला काळजीपूर्वक काम करणारी समजत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत जे झालं ते सांगायचं आहे ते त्यामुळेच.

आधी त्या र बद्दल. 'दर्या' लिहिताना र चा रफार होतो आणि तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'दऱ्या' लिहिताना तो खालीच राहतो, पुढच्या अक्षराला डावीकडून बिलगतो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पंगतीची वर्दी द्यायची, यातला फरक तेवढ्या एका वळणात असतो. हिंदीला हा र लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला लागतो. युनिकोडमध्ये तो लिहायची सरळ वाट म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की हा ऱ येतो. दुसरी वाट जुनी: साधा र, हलंत आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर', म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त र ला सांगतो की तू वर चढू नकोस, इथेच थांब. तिसरी वाट म्हणजे र, सुटा नुक्ता आणि हलंत. आमचा जुना डेटा १९९० च्या दशकातल्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला, तेव्हा कन्व्हर्टरने दुसरी वाट धरली होती. नंतर शाखांमध्ये हाताने भरलेली नावं पहिल्या वाटेने आली. काही तिसऱ्याही. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला तीन.

काम असं होतं: सगळी नावं एका रूपात आणायची, जास्तीच्या मोकळ्या जागा आणि कचरा काढायचा, मग जुळणी करून दुहेरी नोंदी शोधायच्या. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी लागलेला एक हुशार मुलगा आहे. त्याने हे एआयकडून लिहून घेतलं. त्यात गैर काही नव्हतं, मीही रोज वापरत होते. 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आंद्रेई कारपथी यांनी त्याच महिन्यात काढला होता: कोड वाचायचाच नाही, सांगत जायचं आणि आलेलं स्वीकारत जायचं. टाकून द्यायच्या शनिवार-रविवारच्या प्रकल्पांना हे चालून जातं, असं त्यांनी त्याच टिपणात लिहिलं होतं. शब्द सगळीकडे पोचला, ती मर्यादा मागे राहिली.

टूलने पहिल्यांदा दिलेला कोड पायथनमधली एक प्रसिद्ध रीत होती. अक्षरं सुटी करायची आणि वर-खाली लागणारी चिन्हं काढून टाकायची. फ्रेंचमधल्या é चा e करायला ती रीत उत्तम. आमच्या मुलाने त्यात 'कुऱ्हाडे' घातलं, तर 'करहाड' बाहेर आलं. उकार गेला, नुक्ता गेला, हलंत गेला, मात्रा गेली. गंमत अशी की 'राम पाटील' घातलं असतं तर ते जसंच्या तसं बाहेर आलं असतं, कारण काना आणि वेलांटी युनिकोडच्या वर्गवारीत वेगळ्या गटात मोडतात. त्याने ताबडतोब टूलला सांगितलं की हे चुकीचं आहे, ही देवनागरी आहे. टूलने चूक मान्य केली आणि नवा कोड दिला.

आता वाटतं, खरा घात तिथे झाला. एक मोठी चूक पकडली की आपण जागे आहोत असा विश्वास बसतो. पुढचं सगळं त्या विश्वासावर पास होतं.

नव्या कोडमध्ये मात्रांना धक्का नव्हता. एका ओळीत युनिकोडचं प्रमाण रूप केलं होतं, त्यामुळे तिसऱ्या वाटेचा र पहिल्या वाटेवर येत होता. पुढच्या ओळीत 'अदृश्य अक्षरं' काढली होती. टीपही लिहिली होती: न दिसणारी अक्षरं जुळणीत अडथळा आणतात. वाचायला किती समंजस वाटतं. संध्याकाळी सात वाजता तो बदल माझ्यापुढे आला. १४० ओळी, २६ चाचण्या, सगळ्या हिरव्या. मी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, दहा मिनिटांत मान्य केला आणि घरी गेले. त्या २६ पैकी एक चाचणी नेमकी हेच तपासत होती, की नावात शून्य रुंदीचा जोडक उरता कामा नये. नमुन्याचं नाव होतं राम पाटील, मध्ये मुद्दाम एक जोडक खुपसलेला. म्हणजे चूक चाचणीतून निसटली नव्हती. चूक हेच बरोबर उत्तर म्हणून चाचणीत लिहिलं होतं. जोडक निघाला की जुन्या नोंदींतला र मोकळा होतो आणि रफार होऊन वर चढतो. कुऱ्हाडे जाऊन 'कुर्हाडे' उरतो.

चार दिवसांनी संस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "मॅडम, प्रारूप यादी फलकावर लावलीय. एकदा येऊन बघता का? आडनावांचं काहीतरी बिघडलंय." ते मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी हळू बोलले, त्यावरून काय ते समजले.

शाखा तालुक्याच्या गावी आहे. मी पोचले तेव्हा फलकापुढे सात-आठ जण उभे होते. हरकती घेण्यासाठीच ती यादी लावायची असते, त्यामुळे लोक आपलं नाव शोधत होते. कुर्हाडे. बर्हाटे. गोर्हे. पत्त्यांमध्ये कर्हाड. एका सत्तरीपुढच्या काकांनी नावावर बोट ठेवलं होतं आणि ते काढत नव्हते. संस्था सुरू झाली तेव्हापासूनचे सभासद, त्यांचा सभासद क्रमांक दोन आकडी.

"हे कोण?" त्यांनी लेखनिक ताईंना विचारलं.

"तुम्हीच, काका."

"माझं नाव असं न्हाई. सातबाऱ्यावर बघा, रेशनकार्डावर बघा."

सातबाऱ्यावर. त्या शब्दातही तोच र होता आणि त्यांच्या तोंडी तो अगदी स्वच्छ उमटला.

"कुणी लिहिलं हे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनात तीन उत्तरं आली. टूलने लिहिलं. मुलाने घेतलं. जुन्या कन्व्हर्टरमुळे झालं. तिन्ही खरी होती आणि त्या माणसापुढे एकही उच्चारता आलं नसतं. "मी लिहिलं, काका. माझी चूक झाली," मी म्हणाले.

"मग दुरुस्त करा. मत द्यायला आलो आन् हे नाव तुमचं न्हाई म्हणाले, तर मी काय करू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि नाव पुन्हा वाचलं.

२१२ नोंदी मोडल्या होत्या. त्या उलट्या फिरवता येत नव्हत्या, कारण मराठीत रफाराचेही खरे शब्द आहेत. कोणता र मुळात कुठे होता ही माहिती त्या अदृश्य जोडकातच होती आणि आम्ही ती कचरा म्हणून झाडून टाकली होती. आम्ही आदल्या बॅकअपवरून नावं परत आणली, मधल्या चार दिवसांतले बदल एकेक करून त्यावर चढवले, पहाटे तीनला संपलं. खरी दुरुस्ती एका ओळीची होती. जोडक काढायच्या आधी 'र, हलंत, जोडक' जिथे जिथे असेल तिथे 'ऱ, हलंत' लिहायचं. क्रम तेवढा महत्त्वाचा. तीच गोष्ट टूलला नेमकी विचारली असती तर त्याने ती चटकन सांगितली असती; मी नंतर विचारून पाहिलं, त्याने सांगितली. त्याला माहीत होतं. विचारायचं काय हे आम्हाला सुचलं नव्हतं.

परतताना गाडीत एक गोष्ट सारखी टोचत राहिली. पतसंस्थेत रोखपालाने लिहिलेलं व्हाउचर रोखपाल पास करू शकत नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नियम मी स्वतः लिहिला आहे: ज्या युजरने नोंद केली त्याला 'पास' हे बटण दिसतच नाही. मॅनेजरांनी कितीदा विनंती केली, सुट्टीच्या दिवशी माणसं कमी असतात, एवढं सैल करा. मी केलं नाही. आणि आमच्याच कामात कोड लिहिणारा आणि त्याच्या चाचण्या लिहिणारा एकच होता. दोन्ही ठिकाणी त्याने देवनागरी त्याच समजुतीने पाहिली होती. मी दुसरी सही केली खरी, पण व्हाउचर न वाचता.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट बदलली. कोड टूलकडून घेतला तर चाचण्यांमधली उदाहरणं माणसाने द्यायची, आणि तीही ज्याचा डेटा आहे त्या माणसाने. मी लेखनिक ताईंना विचारलं, तुम्हाला त्रास देणारी आडनावं कोणती? त्यांनी पिग्मीच्या कोऱ्या पावतीमागे लिहून दिली. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, तऱ्हाळकर. मग म्हणाल्या, "ज्ञ पण लिहा. आणि बायकांची नावं माहेर-सासरच्या दोन्ही आडनावांनी येतात, ते पण." २९ नावं झाली. ती पावती मी जपून ठेवली आहे आणि ती नावं आता आमच्या चाचण्यांच्या फाइलमध्ये आहेत. राम पाटील अजूनही आहे, शेवटी.

हे सगळं कसं घडलं ते नीट समजावं म्हणून त्या मुलाचा टूलबरोबरचा सगळा संवाद मी वाचला. तेव्हा दुसरी गोष्ट सापडली आणि ती मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटते. नमुना म्हणून त्याने शंभर खऱ्या ओळी चिकटवल्या होत्या. नाव, मोबाइल, पत्ता, शिल्लक. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, खरा डेटा दिला की उत्तर चांगलं येतं एवढंच त्याने शिकलेलं होतं. पण ती शिल्लक आमची नव्हती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याची आठवण मी ऑफिसात करून दिली. तरी खरं सांगायचं तर कायद्याचा मुद्दा माझ्या मनात नंतर आला. आधी त्या शंभर माणसांचे चेहरे आले. दक्षिण कोरियातल्या सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत चिकटवल्याची बातमी २०२३ मध्ये आम्ही सगळ्यांनी वाचली होती. त्यावर चहाच्या वेळी चर्चाही केली होती. ते मोठ्या कंपनीचं गुपित, असं तेव्हा वाटलं होतं.

मी मॅनेजरसाहेबांना भेटून सांगितलं. न सांगता भागलं असतं. कुणाला कळलं नसतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही नवऱ्याचं पासबुक बायकोच्या हातात देताना सुद्धा सही घेतो." आता आमच्याकडे खोट्या सभासदांची एक फाइल आहे. नावांचे सगळे कठीण नमुने तिच्यात आहेत, माणूस एकही खरा नाही. टूलपुढे तीच जाते.

यावर कुणी म्हणेल, मग वापरूच नका. मला ते पटत नाही. आमच्याकडे फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला मुदतपूर्व पिग्मी परताव्याचा एक भाग आहे. लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले, टिपा नाहीत, बदलणाऱ्याला धडकी भरते. टूलने तो एका दुपारी उलगडून दाखवला, ओळीओळीने. मी एकटी चार दिवस बसले असते. पण त्याच उलगड्यात त्याने एक सुधारणा सुचवली. '१८० दिवस' हा आकडा उघडा लिहिला आहे, त्याऐवजी 'सहा महिने' लिहा, वाचायला सोपं. दिसायला निर्दोष. मात्र १ मार्च ते १ सप्टेंबर मोजले तर १८४ दिवस होतात. १८१व्या दिवशी पैसे काढणाऱ्याला आज व्याज मिळतं, त्या सुधारणेनंतर मिळालं नसतं. मी संस्थेत विचारलं. ताईंनी कपाटातून ठरावांचं जुनं रजिस्टर काढलं. ठरावात 'दिवस' हाच शब्द होता, मुद्दाम, कारण महिन्यांवरून पूर्वी वाद झाला होता. कोड काय करतो हे टूलला वाचता येतं. तो तसं का करतो याचं उत्तर त्या कपाटात होतं आणि ते कपाट आजवर कुठल्याच मशीनने पाहिलेलं नाही.

मालकांनी विचारलं, एवढं तपासत बसायचं तर वेळ वाचतो कुठे? प्रश्न रास्त होता. त्या जुलैमध्ये मेटर नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीचे प्रकल्प, २४६ कामं. काही एआय वापरून, काही न वापरता. आपण २० टक्के जलद झालो असं त्या प्रोग्रामरांना वाटलं. घड्याळाप्रमाणे ते १९ टक्के मंदावले होते. तो आकडा सगळ्यांना लागू आहे असं मी मानत नाही, टूल्स बदलत आहेत, कामंही वेगवेगळी असतात. मला हादरवलं ते वाटणं आणि घड्याळ यांच्यातल्या अंतराने. मी तीन आठवडे डायरीत वेळ लिहिली. रिपोर्टचे साचे, एसक्यूएल, अनोळखी लायब्ररीची ओळख, यात तासचे तास वाचले. व्याज आणि नावं यांत काहीच वाचलं नाही, उलट गेले. तसंच मालकांना सांगितलं. व्याजाच्या कोडला आता टूल लागतं ते फक्त लिहून झाल्यावर, चुका शोधून दे म्हणून. त्यात ते फार चांगलं आहे. एकदा त्याने दाखवून दिलं की पायथनचा राउंड अडीचचा दोन करतो, तीन नाही. ५० पैशांना पुढचा रुपया धरणाऱ्या आमच्या संस्थेत ते चाललं नसतं आणि मला ते लक्षातही आलं नसतं.

त्या मुलाशी मी एकदाच स्पष्ट बोलले. पास करण्याची जबाबदारी माझी होती, हे आधी सांगितलं. मग म्हणाले, तू दिलेली ओळ काउंटरवरच्या ताईंना मराठीत समजावून सांगता येत नसेल, तर ती माझ्याकडे पाठवू नकोस. तो काही बोलला नाही. पुढचे काही दिवस त्याचे बदल कमी आणि लहान येऊ लागले. मला भीती वाटली की मी त्याचा उत्साह मारला.

गेल्या महिन्यात तो दोन कागद घेऊन टेबलाशी आला. दुसऱ्या एका संस्थेचं काम होतं, सभासदांत वकील बरेच. "मॅडम, ॲड. बघा," तो म्हणाला. दोन्ही कागदांवर 'ॲड.' छापलेलं होतं, डोळ्यांना फरक नाही. एकात अ आणि त्यावर सुटा चंद्र होता. दुसऱ्यात मराठीसाठी युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र ॲ हे अक्षर होतं. टूलने त्याला सांगितलं होतं की प्रमाण रूप केलं की दोन्ही एक होतील. त्याने करून पाहिलं. झाली नाहीत. खाली त्याने दोन्हींचे कोड पेनाने लिहिले होते, शेजारी-शेजारी, आणि न जुळणाऱ्या आकड्यांभोवती वर्तुळ काढलं होतं.

"फाइलमध्ये घालू ना?" त्याने विचारलं. "तिसावं नाव."